हलकी करमणूक आणि तिची पारख

(आपल्या समाजाच्या धाराशिव येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या कार्यकारी मंडळाने यंदा आम्हांस जो विषय नेमून दिला, तो वरवर पाहता या मंगल प्रसंगास साजेसा वाटणार नाही. दूरचित्रवाणीवर जी हलकी करमणूक रोज चालते, ती टीकेस पात्र आहे काय, असा तो प्रश्न आहे. विद्यार्थ्यांचा गुणगौरव, वधू-वर परिचय आणि सहभोजन यांसाठी जमलेल्या मंडळींपुढे मालिकांची आणि विनोदी कार्यक्रमांची चर्चा कशासाठी, असे कोणाच्या मनात येईल. तथापि रात्री आठ ते दहा या वेळात आपल्या घरोघरी जे चालते, त्याहून आपल्या निकटचा विषय दुसरा कोणता असणार? आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, प्राथमिक शाळेत हयात घालविलेले शिक्षक. कलाशास्त्राचे पांडित्य आम्हांपाशी नाही. वर्गात आणि गावात जे दिसले व वाचनात जे आले, त्याच्या आधारे चार शब्द सांगण्याचा आमचा मानस आहे.

प्रथम हे यंत्र आपल्याकडे कसे आले ते थोडक्यात पाहू. आपल्या देशात दूरचित्रवाणीचा प्रयोग १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी निघाले. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य व शिक्षण यांचे कार्यक्रम दाखविण्यात आले. आपल्या शेजारच्या गुलबर्गा जिल्ह्यातील खेडी त्यांत होती, आपली नव्हती. म्हणजे हे यंत्र खेड्याच्या दारी प्रथम आले ते गुरुजींच्या वेषात. पुढे ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' ही मालिका सुरू झाली आणि गुरुजींनी गोष्ट सांगावयास प्रारंभ केला. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' लागू लागले, तेव्हा गावात ज्याच्या घरी संच असे त्याच्या ओसरीवर सारी आळी बसे. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी ही वाहिनी निघाली, २००० साली ई टीव्ही मराठी आली, २००८ साली स्टार प्रवाह. आठवड्यातून एकदा येणारी मालिका आता रोज येऊ लागली. 'चार दिवस सासूचे' ही एकच मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत तीन हजारांहून अधिक भाग चालली. प्रारंभीचे गुरुजी मागे पडले आणि कोपऱ्यातील तो संच घरातील एक माणूस होऊन बसला. त्याचे बोलणे कसे आहे, हे पाहणे त्यामुळे घरच्या कर्त्या माणसांस भाग आहे.

या करमणुकीविषयी दोन मते नेहमी ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, हे सारे गावंढळ, बीभत्स आणि टाकाऊ आहे; शहाण्याने त्याकडे पाहू नये. दुसरा पक्ष म्हणतो, लोक दिवसभर राबून येतात, घटकाभर हसतात, त्यांत तुमचे काय जाते? नको असेल तर बटण बंद करावे. आमच्या अल्पमतीप्रमाणे ही दोन्ही मते अपुरी आहेत. आणि मौज अशी की, दोन्ही पक्षांस टीका करण्याचे श्रम पडत नाहीत. पहिला न पाहताच टाकून देतो, दुसरा पाहूनही विचार करीत नाही.

पहिल्या पक्षाचा विचार करू. 'हलके' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक अर्थ मालाचा, दुसरा माणसाचा. माल हलका म्हणजे तो टिकत नाही, पोटास लागत नाही. पण पुष्कळदा माणूस हलका मानून त्याचा मालही हलका ठरविला जातो, आणि आपल्या महाराष्ट्राने हा अन्याय उघड्या डोळ्यांनी केलेला आहे. तमाशाचेच उदाहरण घ्या. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत, बाळासाहेब खेर हे प्रमुख असताना, मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. शेकडो कलावंतांच्या चुली विझण्याची वेळ आली. पुढे महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर फड पुन्हा उभे राहिले. आपला जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तो निजामाच्या अमलाखाली होता आणि त्यानंतरही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात राहिला. परंतु तमाशाकडे पाहण्याची शिष्ट मंडळींची दृष्टी सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे एकच होती.

त्याच तमाशाच्या अंगाने शाहीर अण्णाभाऊ साठे यांनी गिरणी कामगाराचे दुःख बोलते केले. अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह त्यांनी १९४४ साली लालबावटा कलापथक उभारले. वसंत सबनिसांचे 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ साली आले, तेव्हा ज्यांनी तमाशाच्या तंबूत कधी पाऊल टाकले नव्हते तेही नाट्यगृहात रांग लावून बसले. विठाबाई नारायणगावकर या थोर कलावतीचे २००२ साली हलाखीत निधन झाले. आज महाराष्ट्र शासन त्यांच्याच नावाने तमाशा कलावंतांस जीवनगौरव पुरस्कार देते. कलावंत जिवंत असताना हलकी आणि गेल्यावर थोर, हा न्याय कसला? आणखी मागे जाऊ. पैठणच्या एकनाथ महाराजांनी आपल्या भारुडांत गारुडी, भुत्या, जोगवा मागणारी, वेडी अशी रस्त्यावरची पात्रे आणली. भुत्या आणि जोगवा हे तर आपल्या तुळजाभवानीच्या दारचे. गाडगेबाबांचे कीर्तन हे वऱ्हाडी रांगड्या बोलीतले, श्रोत्यांस प्रश्न विचारून हसविणारे. पण त्या हसण्यातून माणूस झाडू हाती घेऊन उठे. तेव्हा भाषा रांगडी आहे, सोंगे आहेत, लोक खदखदून हसत आहेत, एवढ्यावरून करमणुकीस हलकी म्हणणारा माणूस आपली जात आणि आपले शिक्षण मिरवीत असतो. त्यास आम्ही टीका म्हणत नाही.

आता दुसरा पक्ष. बटण आपल्या हाती आहे, हे म्हणणे ऐकावयास गोड लागते. पण कोणता कार्यक्रम चालू राहावा आणि कोणता बंद व्हावा, हे ठरते कसे ते पाहा. काही निवडक घरांतील संचांस मोजणीयंत्र जोडलेले असते. त्या घरांत काय पाहिले जाते त्यावरून साऱ्या देशाची आवड ठरते आणि त्या आकड्यांवर जाहिरातींचा पैसा येतो. २०२० च्या सुमारास देशात संच असलेली घरे वीस कोटींहून अधिक होती आणि मोजणीची घरे होती सुमारे ५५ हजार. म्हणजे साडेतीन हजारांहून अधिक घरांच्या आवडीची साक्ष एका घराने द्यावयाची. त्यांतही खेड्यांतील घरांची आवड या मोजणीत येऊ लागली ती २०१५ सालच्या ऑक्टोबरपासून. त्यापूर्वी सोळा वर्षे खाजगी मराठी वाहिन्या आपल्या घरांत चालू होत्या. परंतु भूम-परंड्याच्या किंवा उमरगा-लोहाऱ्याच्या खेड्यातील माऊलीने संच चालू ठेवला काय आणि बंद केला काय, तिची कोठे नोंदच नव्हती. मग 'लोकांना हेच आवडते' असे जे सांगण्यात येत होते, ते लोक कोणते? बटण दाबणे हे मत असेल, तर आपले मत मोजलेच गेले नव्हते. ज्याचे मत पेटीत पडत नाही, त्याने तोंडाने बोलले पाहिजे. टीका ही याचसाठी हवी.

दुसरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रोजची मालिका म्हणजे आठवड्यास सहा भाग, आणि अर्ध्या तासातील जाहिराती वगळता सुमारे बावीस मिनिटांचा मजकूर. कुशल लेखक झाला तरी आठवड्यास सव्वादोन तासांचा मजकूर वर्षानुवर्षे सकस कोठून आणील? मग तेच ते कट, तेच औषधात विष, तीच लपून ऐकणारी जाऊ. हा लेखकाच्या बुद्धीचा दोष कमी आणि मागणीच्या घाईचा अधिक. आपल्या धंद्यातील माणसास हे सांगावयास नको. चिखल पुरता तुडविला नाही, मडके सावलीत वाळू दिले नाही आणि बाजार उद्याचा आहे म्हणून ओलेच आव्यात घातले, तर ते तडकणारच.

आणि येथे आम्हांस आपल्या तेरच्या गोरोबाकाकांचे स्मरण होते. ती कथा आपणां सर्वांस बालपणापासून ठाऊक आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी काकांस म्हटले, यांतील पक्की मडकी कोणती आणि कच्चे कोणते ते तपासा. काकांनी थापटणे घेऊन प्रत्येकाच्या मस्तकावर हलकेच मारून पाहिले. इतर शांत राहिले. नामदेव रागावले, आणि काकांनी सांगितले की हे मडके अजून कच्चे आहे. या कथेत ध्यानी धरण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. काकांनी थापटणे हाती घेतले ते पारखण्यासाठी. कोणाचे मडके त्यांनी फोडले नाही. त्यांनी सर्वांस तपासले. वयाने किंवा मानाने कोणास वगळले नाही. आणि तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. जे कच्चे ठरले ते नामदेव पुढे विसोबा खेचरांकडे गेले आणि पंजाबपर्यंत भक्तीचा झेंडा नेणारे संत झाले. थापटण्याने त्यांचे अकल्याण झाले नाही. ज्यांतून लोक पाणी पितात ते मडके वाजवून घेण्याचा हक्क प्रत्येक गिऱ्हाइकास आहे, आणि वाजवून घेणे हा कुंभाराचा अपमान नव्हे. ज्यातून आपली मुले रोज शब्द, हशा आणि समज पितात, ते मडके मात्र न वाजविता घरात ठेवावे, हे कोठले शहाणपण?

मग वाजवून पाहावयाचे ते कसे? आमच्या मते तीन प्रश्न पुरेत.

पहिला प्रश्न असा की, हसावयाचे कोणाला? जो बलवान आहे, लबाड आहे, ढोंगी आहे त्याची फजिती पाहून हसू आले, तर त्या हसण्याने मन स्वच्छ होते. सोंगाड्याचे काम मूळचे हेच; तो पाटलाची, सावकाराची, कोतवालाची खोड काढी. पण जाड आहे, काळा आहे, तोतरा आहे, टकला आहे, खेड्यातून आला आहे, एवढेच ज्याचे व्यंग, त्यास नाचवून हशा मिळविणे हे सोंगाड्याचे काम नव्हे. आमच्या नोकरीच्या अखेरच्या काही वर्षांत एका विनोदी पात्राचे नाव वर्गातील एका स्थूल मुलास चिकटले. नाव ठेवणाऱ्या मुलांच्या मनात द्वेष नव्हता. त्यांनी संचावर जे पाहिले तेच केले. परंतु तो मुलगा फळ्यापाशी येईनासा झाला. त्याला गणित येत होते. हातावरचा खडू पुसून जागेवर बसणे तेवढे त्याने पत्करले.

दुसरा प्रश्न, स्त्री कशी दाखविली आहे? पुरुषाने लुगडे नेसून हशा मिळविणे हे आपल्या परंपरेत जुनेच आहे. तमाशातील मावशी कोणास ठाऊक नाही? पण त्या मावशीपाशी हजरजबाबी जीभ होती, ती कृष्णासही निरुत्तर करी. आजच्या पुष्कळ सोंगांत जीभ नाही, केवळ अंगविक्षेप आहेत. आणि मालिकांत उलट. तेथे स्त्रीला जीभ आहे, पण ती दुसऱ्या स्त्रीला डसण्यासाठीच. शेतात नांगरणी-खुरपणी, शाळा, बँक, बचत गट, ग्रामपंचायत या ठिकाणी आपल्या भगिनी जे काम करतात, त्याचे या घरांत नावही नसते.

तिसरा प्रश्न, आपली बोली कोठे ठेवली आहे? मराठवाड्याची बोली तोंडात घातली की ते पात्र गडी, शिपाई किंवा वेंधळा, असा जेथे शिरस्ता पडतो, तेथे साऱ्या मुलुखाची किंमत केली जाते. विशेष हे की, दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांसाठी केंद्र सरकारने १९९४ साली जे नियम केले, त्यांत भाषिक किंवा प्रादेशिक समूहांस तुच्छतेने वा उपहासाने दाखवू नये असे कलम आहे आणि स्त्रीची अप्रतिष्ठा करू नये असेही आहे. २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे प्रेक्षकास तक्रारीसाठी तीन पायऱ्या दिल्या आहेत: प्रथम ती वाहिनी, नंतर वाहिन्यांची स्वनियंत्रण संस्था आणि शेवटी केंद्र सरकारची समिती. आपल्यापैकी किती जणांनी असे पत्र लिहिले आहे? चहाच्या टपरीवर वाहिन्यांस शिव्या देणारे पुष्कळ, पोस्टात पत्र टाकणारे विरळा.

न्यायाने बोलावयाचे तर पक्क्या मडक्यांचीही नावे घेतली पाहिजेत. 'चला हवा येऊ द्या' हा कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला, २०२४ साली थांबला आणि २०२५ साली नव्या रूपात परत आला. त्याच्या सोंगांविषयी मतभेद असू शकतील. परंतु त्याच कार्यक्रमात अरविंद जगताप यांनी लिहिलेली आणि सागर कारंडे यांनी पोस्टमनच्या वेषात वाचलेली पत्रे ऐकताना हसणारी सभा गंभीर होत असे. शेतकरी, सैनिक, आईबाप यांचे मनोगत त्या पत्रांतून लाखो घरांत गेले. 'माझ्या नवऱ्याची बायको' या मालिकेचे नाव ऐकून पुष्कळांनी नाक मुरडले, पण तिच्यात वऱ्हाडी बोली बोलणारी स्त्री नायिका होती आणि ती स्वतःच्या हिमतीवर मसाल्याचा धंदा उभा करीत होती. 'रंग माझा वेगळा' या २०१९ ते २०२३ पर्यंत चाललेल्या मालिकेने सावळ्या मुलीच्या अवहेलनेचा विषय घेतला, हे चांगले केले. मात्र त्या भूमिकेसाठी अभिनेत्रीस रंग लावून सावळी करण्यात आले. सावळ्या मुलीची कथा सांगतानाही खरीखुरी सावळी मुलगी पुढे आली नाही. गुण सांगावा आणि त्याच दमात उणे दाखवावे, यालाच टीका म्हणतात.

कोणी म्हणेल, गुरुजी, मग सरकारने बंदीच का घालू नये? बंदीचा इतिहास आताच सांगितला. बंदीने पोट मारले जाते, अभिरुची सुधारत नाही. शिवाय राबणाऱ्या माणसाच्या विसाव्याचा विचार केला पाहिजे. आपल्या जिल्ह्यात पाऊस बेताचा, सोयाबीनचा भाव बेभरवशाचा आणि कर्जापायी गेलेल्या माणसांची घरे आपण पाहिली आहेत. पूर्वी पहाटे जात्यावर बसून आपल्या आयाबहिणी ओव्या गात, मनातले दुःख जात्याला सांगत. गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि ओवीही गेली. ती रिकामी जागा या संचाने भरली आहे. दिवसभर खुरपून आलेली बाई रात्री अर्धा तास मालिका पाहते, तिला नावे ठेवण्याचा अधिकार, तिच्या हातचे गरम जेवून पाट सोडणाऱ्या पुरुषास मुळीच नाही. आमची टीका तिच्यावर नाही. उलट, तिला याहून चांगले मिळावे, ती याहून अधिक मोलाची आहे, म्हणून ही टीका आहे.

आता जे सांगावयाचे ते थोडे अप्रिय आहे; तथापि ज्ञातीच्या सभेत ते सांगितले नाही तर इतर सारे बोलणे फुकट. संचावर काळ्या रंगाची थट्टा झाली की आपण संतापतो. परंतु आपल्या वधू-वर परिचय मेळाव्याच्या अर्जात 'वर्ण' असा रकाना आहे. अपेक्षांच्या रकान्यात 'गोरी, सडपातळ' हे शब्द किती वेळा येतात ते आपण सर्वांनी मागील स्मरणिकांत वाचले आहे. काळ्या मातीवर पोट भरणाऱ्या समाजाने लेकीचा काळा रंग उणा मानावा, हे गोरोबाकाकांस कसे वाटले असते? वाहिन्या जे विकतात, त्याचा कच्चा माल त्या आपल्याच घरांतून उचलतात. थापटणे दुसऱ्याच्या मडक्यावर वाजविण्याआधी आपल्या आव्यातील मडकी तपासणे हाच काकांचा धर्म.

म्हणून आम्ही या सभेपुढे तीन सूचना ठेवतो. एक, पुढील वर्षापासून परिचय-अर्जातील वर्णाचा रकाना काढून टाकावा आणि त्या जागी 'शिक्षण व अंगची कला' असा रकाना घालावा. दोन, संमेलनाच्या रात्री संचावरील विनोदाची नक्कल करणारी मंडळी पैसे देऊन आणण्याऐवजी आपल्याच मुलामुलींकडून भारूड, गोंधळ किंवा एखादी नाटिका बसवून घ्यावी. २०१७ साली नाट्यसंमेलन आणि २०२० साली साहित्यसंमेलन ज्या नगरीने भरविले, तेथे कलेस तोटा नाही. तीन, महिला मंडळाने महिन्यातून एकदा एकत्र बसून पाहिलेल्या कार्यक्रमांची चर्चा करावी आणि जे खटकले त्याविषयी वाहिनीस, जे आवडले त्याविषयी लेखकासही, एक पत्र पाठवावे. स्तुतीचे पत्रही पाठवावे, कारण कुंभारास त्याचे मडके पाच वर्षे टिकले हे कोणी येऊन सांगितले, तर तो पुढचे अधिक मन लावून घडवितो.

तेव्हा मूळ प्रश्नास आमचे उत्तर असे. हलकी करमणूक टीकेस पात्र आहे, कारण ती आपल्या घरात वावरते आणि आपल्या मुलांस घडविते. जी वस्तू टीकेस पात्र नाही असे आपण म्हणतो, तिला आपण किंमतच देत नाही. पण टीका करणाऱ्याने ती पाहिली पाहिजे, समजून घेतली पाहिजे, आणि रांगडेपणा व हलकटपणा यांतील भेद ओळखला पाहिजे. हा विवेक आला तर बंदीची गरज पडणार नाही आणि बटणाचीही फारशी पडणार नाही.

  वर्णाच्या रकान्याविषयीची सूचना आजच्या सर्वसाधारण सभेत विचारार्थ घ्यावी, अशी अध्यक्षमहाराजांस नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.